पावसाळ्यात एफ कॉर्ड लागत नाही? बोटांना दोष देण्याआधी गिटार तपासा

आधी लक्षणं. खालच्यातली तीन-चार जरी तुमच्या गिटारला लागू पडत असली, तर दोष बहुतेक वाद्यात आहे.

– ई मायनर बरा वाजतो, पण सी धरला की पहिल्या फ्रेटवरची (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) दुसरी तार नुसती ‘टक्’ करते.
– एफ लावल्यावर सहापैकी दोन-तीनच तारा बोलतात, बाकीच्या मुक्या.
– पाच मिनिटांत बोटांच्या टोकांवर तारेचे खोल वळ उठतात आणि ते लवकर जात नाहीत.
– मोकळ्या तारा ट्यूनरवर बरोबर दिसतात, पण कॉर्ड धरला की बेसूर लागतो.
– एप्रिलमध्ये गिटार बरी होती, आता जुलैत तीच गिटार दगडासारखी झाली आहे.
– किंवा उलटं: पावसात ठीक होती, जानेवारीत झणझणायला लागली.

माझं कुडाळला इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. संध्याकाळी मागच्या खोलीत सात-आठ पोरं गिटार शिकायला बसतात. गिटारदुरुस्तीचं रीतसर शिक्षण मी घेतलेलं नाही. पण दरवर्षी मृग लागून महिनाभर झाला की एकच तक्रार सुरू होते, आणि तिची दुरुस्ती करता करता हात बसला. परवाच नववीतली एक मुलगी गिटार मांडीवरून खाली ठेवून म्हणाली, “काका, हा एफ माका जन्मात जमाचा नाय.” तिची बोटं बघितली, टोकांना अक्षरशः खोबणी पडल्या होत्या. गिटार घेतली आणि मी एफ लावला. मलाही तिसरी तार वाजवता आली नाही. मी पंचवीस वर्षं वाजवतोय, म्हणजे सराव कमी पडला असं निदान माझ्याबाबतीत तरी म्हणता येणार नाही.

शिकणाऱ्याला हे कळायला मार्गच नसतो. त्याने दुसरी गिटार हातात धरलेलीच नसते, त्यामुळे गिटार म्हणजे अशीच कडक असते, असं तो धरून चालतो आणि दिवाळीपर्यंत सोडून देतो. म्हणून खाली मी ज्या क्रमाने तपासतो तोच क्रम देतो. आधी फुकटातलं, मग दोन-चारशे रुपयांचं, मग हत्यार लागणारं. क्रम मोडू नका. पोरं थेट पॉलिश पेपर घेऊन सॅडल (खालच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पांढरी पट्टी) घासायला बसतात आणि दुखणं असतं भलतीकडेच.

सुरुवात ट्यूनिंगपासून

हसू नका. वर्षातून एकदा तरी अशी गिटार येतेच, जी नुसती जास्त चढवलेली असते. तारेचा ताण सुराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. सगळ्या तारा एक अख्खा सूर, म्हणजे दोन फ्रेट, वर चढल्या तर ताण सव्वापट होतो. मालवणहून येणाऱ्या एका मुलाने व्हिडिओ बघून कानाने तारा जुळवल्या होत्या. कान चांगला होता, तारा एकमेकींशी अगदी जुळलेल्या होत्या. पण व्हिडिओतल्या माणसाने दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावला होता! महिनाभर तो पोरगा सव्वापट ताणाच्या तारा दाबत होता. दाद द्यावी तेवढी थोडी.

मोबाईलवर ट्यूनर घ्या. जाड तारेकडून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई. ट्यूनर हर्ट्झ दाखवत असेल तर सहावी तार ८२.४ आणि पहिली ३२९.६ च्या आसपास हवी. नुसत्या अक्षरावर विसंबू नका, कारण ‘एफ’ आणि ‘एफ शार्प’ यांच्यातलं चिन्ह छोट्या स्क्रीनवर सहज नजरेआड होतं.

इथेच एक उपाय सांगून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. सगळ्या तारा अर्धा सूर उतरवल्या की ताण साधारण ११ टक्क्यांनी कमी होतो. एक अख्खा सूर उतरवल्या तर २० टक्क्यांच्या वर. एकट्याने सराव करताना यात काहीच बिघडत नाही.

बोटं, पण थोडक्यात

डाव्या हाताची नखं मांसाच्या खाली कापलेली हवीत. बोट फ्रेटच्या पट्टीला जवळजवळ चिकटून, मागच्या, म्हणजे खुंट्यांकडच्या, बाजूला पडायला हवं. दोन फ्रेटांच्या मधोमध दाबलं तर जोर जास्त लागतो आणि तरीही तार झणझणते. हे करून बघा. सूर लगेच सुधारला तर पुढचं वाचायची गरज नाही. सुधारला नाही तर बोटांना त्रास देणं थांबवा.

ऋतू आणि भिंत

कोकणात राहणाऱ्याने हा मुद्दा नीट समजून घ्यावा, कारण गिटारविषयीचा बहुतेक सल्ला कोरड्या हवेतल्या लोकांनी दिलेला असतो. ते सांगतात, गिटारच्या पेटीत ओलावा ठेवा. आपल्याकडे उलटं आहे. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे जुलैत ती दिवसचे दिवस ८५-९० च्या खाली येत नाही. लाकूड पाणी पितं आणि फुगतं, तेही लांबीच्या दिशेने नाही, तर आडव्या दिशेने. गिटारचा वरचा पत्रा, म्हणजे जिच्यावर ब्रिज (तारा खालच्या टोकाला जिथे अडकतात तो ठोकळा) चिकटवलेला असतो ती पातळ फळी, कडांनी जखडलेली असते. तिला फुगायला जागा एकच, वर. फळी वर आली की ब्रिज वर येतो, ब्रिजबरोबर तारा फ्रेटांपासून दूर जातात. पावसात दरवाजे चौकटीत अडकतात, तेच इथे होतं. फक्त दरवाजा रंधून चालतो, गिटार नाही. अख्ख्या लाकडाच्या फळीला हे जास्त होतं, प्लायच्या फळीला कमी, पण होतं.

तर बघा, गिटार कुठे ठेवता? जांभ्या चिऱ्याची बाहेरची भिंत पावसात ओल धरते. तिच्यावर खिळा ठोकून गिटार टांगली तर तिची पाठ चार महिने ओल्या भिंतीला लागून असते. आतल्या भिंतीवर टांगा, किंवा पलंगाशेजारी उभी ठेवा. फोमची बॅग एकदा भिजली की वरून कोरडी दिसते पण आत ओल राहते. बॅगेला कुबट वास येत असेल तर गिटार तिच्यात ठेवूच नका. कडक पेटी असेल तर सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या बदलत राहा. दोन-तीनशे रुपयांत छोटा आर्द्रतामापक मिळतो, तो घ्यावा असं माझं मत आहे. अंदाजाने बोलण्यापेक्षा आकडा बरा.

काय करू नये तेही सांगतो. चुलीवरच्या माळ्यावर ‘सुकायला’ ठेवू नये, धुराने आणि उष्णतेने डिंक सुटतो. कपाटात बल्ब लावून त्याच्यासमोर ठेवू नये. पेटीत तांदूळ भरू नयेत, मुंग्या होतात. आणि फिंगरबोर्डवर, म्हणजे मानेच्या फ्रेट बसवलेल्या बाजूवर, खोबरेल तेल चोळू नये. आपल्याकडे सगळ्याला खोबरेल लावायची सवय आहे, पण ते लाकडावर चिकट होऊन राहतं, खवट वास मारतं आणि तारांना लागलं की आवाज मरतो.

फक्त जागा बदलून पंधरा-वीस दिवसांत फरक पडलेल्या गिटारी मी पाहिल्या आहेत. म्हणून ही पायरी हत्याराच्या आधी.

तारा

पहिल्या-दुसऱ्या तारेवरून बोट फिरवा. खरखरीत लागलं, बोटाला तांबूस डाग आला, तर तार गंजली आहे. किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांकडे साध्या तारा पावसात दीड-दोन महिने टिकल्या तरी पुष्कळ. खारा वारा आणि घामट बोटं, दोन्ही मिळून पोलाद खातात. गंजलेली तार बोट कापते, कॉर्ड बदलताना घसरू देत नाही आणि जागोजागी जाडी बदलल्यामुळे कॉर्ड बेसूर लागतो. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने प्रत्येक तार वरून-खालून पुसायची, एवढ्यानेही आयुष्य वाढतं. थर दिलेल्या तारा महाग पडतात, पण वेंगुर्ला, मालवण, देवगडसारख्या ठिकाणी त्या शेवटी परवडतात.

दुसरी गोष्ट जाडी. दुकानात ‘लाइट’ म्हणून मिळणारा सेट बारा नंबरचा असतो, म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच. नाव लाइट, पण सहा तारांचा मिळून ताण साधारण ७५ किलो भरतो. दहा नंबरच्या सेटचा साधारण ६० किलो. शिकणाऱ्याला मी दहा किंवा अकरा नंबरच लावून देतो. आवाज थोडा पातळ होतो, होऊ दे. सहा महिन्यांनी बारा लावा, तोवर बोटंही घट्ट झालेली असतात. कमी ताणाने फळीवरचा ओढाही कमी होतो, म्हणजे वरच्या फुगण्यालाही थोडा आळा बसतो.

नायलॉनच्या तारांची गिटार असेल तर तिच्यावर पोलादी तारा कधीही चढवू नका. तिची फळी एवढ्या ताणासाठी बनवलेलीच नसते. ब्रिज उखडून हातात येतो. आणि तिची तारांची उंची मुळातच जास्त असते, त्यामुळे खालची मापं तिला लावू नका.

कॅपो लावून बघा: या सगळ्यातली सगळ्यात कामाची चाचणी

पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा आणि सी, डी, ए मायनर, एफ अशा सगळ्या कॉर्डांचे आकार एक फ्रेट पुढे सरकवून धरा. एकदम सोपं वाटलं? तर तुमचा दोष नटमध्ये आहे. नट म्हणजे खुंट्यांच्या अलीकडे, मानेच्या टोकाला असलेली ती पांढरी पट्टी, जिच्या खाचांतून तारा जातात. कॅपोने नटाचं काम पहिल्या फ्रेटला दिलं, म्हणून उंच नटाचा त्रास गेला.

हे महत्त्वाचं का? गिटारच्या उंचीबद्दल जो तो बाराव्या फ्रेटवरची उंची सांगतो. पण शिकणारा बाराव्या फ्रेटवर जातोच कुठे? त्याचं सगळं आयुष्य पहिल्या तीन फ्रेटांवर चाललेलं असतं, आणि तिथली उंची मुख्यतः नट ठरवतो. पहिल्या फ्रेटवर तार दाबताना बोट नटाच्या अगदी शेजारी असतं. तिथे तार फार वाकत नाही, ताठ असते. अर्धा मिलिमीटर जास्त उंची बाराव्या फ्रेटवर कळतही नाही, पहिल्या फ्रेटवर ती बोटं सोलते. एफ सगळ्यांना का नडतो, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. तो नेमका पहिल्या फ्रेटवर, आडव्या बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचा असतो.

स्वस्त गिटारींचे नट कारखान्यातून उंचच येतात. खाच खोल करायला हाताचं, वेळखाऊ काम लागतं आणि उंच खाच कधी झणझणत नाही, त्यामुळे दुकानात तक्रार येत नाही.

मोजून खात्री करायची असेल तर तिसऱ्या फ्रेटच्या किंचित मागे तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर, तार आणि फ्रेटच्या पट्टीमध्ये किती फट राहते ते बघा. साध्या झेरॉक्सच्या कागदाचा एक पदर, म्हणजे साधारण ०.१ मिमी, जेमतेम सरकला तर नट उत्तम. व्हिजिटिंग कार्ड आरामात गेलं तर नट उंच. ट्यूनरवरही कळतं: दुसरी तार मोकळी बरोबर लावून घ्या, मग पहिल्या फ्रेटवर दाबा. काटा सी च्या बराच पुढे गेला तर उंच नटामुळे दाबताना तार ताणली जातेय. मोकळ्या तारा सुरात आणि कॉर्ड बेसूर, या लक्षणाचं उत्तर हेच.

आणि आता मघाचा उपाय. सगळ्या तारा अर्धा सूर उतरवा, पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. सूर पुन्हा मूळ जागी आला, नटाचा त्रास गेला, ताणही कमी झाला. कॅपोचे दीड-दोनशे रुपये पडतात. त्या नववीतल्या मुलीला मी हेच करून दिलं. पंधरा मिनिटांनी आतल्या खोलीतून एफ ऐकू आला, पाच तारांचा. सहावी अजून मुकी होती.

एटीएम कार्डांचं माप

आता बाराव्या फ्रेटवर या. मोजपट्टीने हे माप घेणं कठीण जातं, डोळा एका बाजूला झुकला की अर्ध्या मिलिमीटरची चूक. त्यापेक्षा जुनी, उठावाची अक्षरं नसलेली एटीएम कार्डं घ्या. एक कार्ड ०.७६ मिमी जाड असतं. बाराव्या फ्रेटच्या पट्टीवर कार्डं एकावर एक ठेवून सहाव्या तारेखाली सरकवा, तार न उचलता.

तीन कार्डं सरकली आणि चौथं अडलं, म्हणजे उंची २.३ ते ३ मिमीच्या मध्ये आहे. चालेल. चार कार्डं सुखाने गेली, म्हणजे ३ मिमीच्या वर, शिकणाऱ्यासाठी जास्त. पहिल्या तारेखाली दोन कार्डं जावीत, तीन जाऊ नयेत. मी सहावी २.४ आणि पहिली १.८ च्या आसपास ठेवतो. याहून खाली नेली तर जोरात स्ट्रम करणाऱ्याची गिटार झणझणते, आणि पोरं जोरातच वाजवतात.

तुमच्या गिटारला ब्रिज चिकटवलेला नसून तारा मागच्या धातूच्या पट्टीला अडकवलेल्या असतील आणि मधे दोन स्क्रूंवर बसलेला ब्रिज असेल, तर तुम्ही सुटलात. तारा सैल करा, दोन्ही स्क्रू थोडे थोडे फिरवा, मोजा. बाकीच्यांनी पुढे वाचा.

मानेचा बाक

सॅडलला हात लावायच्या आधी मान बघायची, कारण मान वाकलेली असेल तर बाराव्या फ्रेटवरचं माप खोटं असतं. सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा (पहिल्यावर कॅपो लावला तर एक हात मोकळा राहतो). ताणलेली तार म्हणजे सरळ पट्टीच. आता सातव्या फ्रेटवर तारेखाली किती फट आहे? व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाण्याइतकी, ०.२ ते ०.३ मिमी, असली पाहिजे. नेमकं हवं असेल तर ओळखीच्या टू-व्हीलर गॅरेजमधून फीलर गेज मागून आणा. टॅपेट सेट करायला वापरतात तोच. ०.२५ चं पान घाला.

एटीएम कार्ड जातंय म्हणजे मान पुढे वाकली आहे. फट अजिबात नाही म्हणजे मान मागे गेली आहे, आणि मग पहिल्या तीन फ्रेटांवर झणझण होते. तंबोऱ्याला आपण तारेखाली सूत सरकवून जवारी काढतो, तो झणकार मुद्दाम आणलेला असतो. गिटारला तोच आवाज म्हणजे तार कुठल्यातरी फ्रेटला घासतेय.

हा बाक ट्रस रॉडने बदलतो. मानेच्या आत पोलादी सळई असते. तिचं टोक खुंट्यांजवळ छोट्या झाकणाखाली किंवा गोल भोकाच्या आत, मानेच्या बाजूला दिसतं. बहुतेक ठिकाणी ४ किंवा ५ मिमीची एलन की लागते. तारा थोड्या सैल करा. फट जास्त असेल तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा, कमी असेल तर उलटा पाव फेरा. पावच. मग तारा सुरात लावा, दुसऱ्या दिवशी मोजा, लागलं तर आणखी पाव. लाकूड सावकाश हलतं, तुम्हीही सावकाश हला.

की नीट बसत नसेल तर बळजबरी करू नका, आतली खाच घासून गोल झाली की पुढचा सगळा खर्च तुमचा. रॉड हलकासा जोर देऊनही फिरत नसेल तर थांबा. बऱ्याच स्वस्त गिटारींत सळई असते पण ती फिरवायची सोयच नसते, तिथे टोक शोधत बसू नका. आणि तारा खाली आणायला रॉड फिरवायचा नसतो. तो फक्त बाकासाठी आहे. हे वाक्य मी प्रत्येक पोराला दोनदा सांगतो.

सॅडल, आणि माझी चूक

मान ठीक, नट ठीक, तरी चार कार्डं जात असतील तर सॅडल कमी करता येतं. ब्रिजवरची पांढरी पट्टी ती. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. त्यामुळे तिथे अर्धा मिलिमीटर कमी हवा असेल तर सॅडल १ मिमी घासावं लागतं. तारा सैल करून ब्रिजमध्ये तारा अडकवणारे छोटे खुंटे काढा, सॅडलला फडकं गुंडाळून पक्कडीने सरळ वर ओढा. खालच्या कडेपासून १ मिमीवर पेन्सिलने रेघ मारा. काचेच्या तुकड्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून सॅडलची खालची बाजू घासा. वरची गोलाई कधीही घासायची नाही. सॅडल उभं, काटकोनात धरा. तिरकं घासलं गेलं तर ते ब्रिजमध्ये डुगडुगतं आणि आवाज पडतो. रेघेच्या थोडं अलीकडे थांबा, बसवून मोजा. ब्रिजच्या वर सॅडल निदान २ मिमी उरायला हवं, नाहीतर तारांचा दाबच राहत नाही. सॅडलखाली पिकअपची, म्हणजे आवाज अँप्लिफायरकडे नेणारी, वायर असेल तर हे काम स्वतः करू नका.

आता माझी चूक. बऱ्याच वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी, भर ऑगस्टमध्ये, एका मित्राच्या गिटारचं सॅडल मी अगदी मापात घासून दिलं. मुंबईहून त्याचे चुलतभाऊ येणार होते, त्यांच्यापुढे वाजवायचं होतं. गिटार लोण्यासारखी झाली. मी खूश, तो खूश. जानेवारीत तो गिटार घेऊन दारात उभा. हवा कोरडी झाली, फळी खाली बसली, ब्रिज खाली आला, आणि सगळ्या तारा दहाव्या फ्रेटपुढे झणझणत होत्या. घासलेलं सॅडल परत वाढत नाही. शेवटी व्हिजिटिंग कार्डाची बारीक पट्टी कापून सॅडलखाली घातली. ती अजून तिथेच आहे.

तेव्हापासून माझा नियम: जून ते सप्टेंबर सॅडल घासायचं नाही. पावसात बारीक तारा, कॅपो आणि अर्धा सूर खाली, यावर वेळ काढायचा. नोव्हेंबरात पुन्हा कार्डं लावून बघायची, तेव्हाही उंची जास्त असेल तरच घासायचं. आणि शक्यतो नवं सॅडल आणून ते घासायचं, मूळचं बॅगेत जपून ठेवायचं. नटाला मात्र हा नियम नाही. नटाची उंची ऋतूप्रमाणे जाणवेल इतकी बदलत नाही, ती कधीही दुरुस्त करून घेता येते.

इथे थांबा

नटाच्या खाचा स्वतः कोरू नका. हे मी हौशी माणसालाच सांगतोय. प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस लागते, आणि ०.१ मिमी जास्त गेली की मोकळी तार झणझणते. मग नवा नटच. एका मुलाच्या काकांनी हॅक्सॉच्या पात्याने सहाही खाचा एकाच रुंदीच्या केल्या होत्या. बारीक तारा खाचेत इकडून तिकडे हिंडत होत्या. नटाचं काम कारागिराला अर्ध्या तासाचं आहे आणि शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो. पैसे खर्च करायचे तर इथे करा.

ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघा. कागद आत जातोय म्हणजे ब्रिज उचलतोय. त्याच क्षणी सगळ्या तारा सैल करा आणि कारागिराकडे न्या. फेविकॉल, फेविक्विक काहीही ओतू नका, नंतर तो डिंक खरवडण्यातच त्याचा दिवस जातो. उन्हात उभ्या गाडीत मे महिन्यात दोन तास गिटार ठेवली की असं होऊ शकतं. ब्रिजमागची फळी थोडी फुगीर असणं वेगळं. पण ब्रिज पुढे कलला असेल, फळीला तडा असेल किंवा आत ठोकलं तर काही सुटल्याचा आवाज येत असेल, तर तेही कारागिराचंच काम.

मान सरळ आहे, सॅडल जवळजवळ ब्रिजला टेकलंय, आणि तरी चार कार्डं जातायत? मग मानेचा सांध्यातला कोनच बदलला आहे. मान काढून पुन्हा बसवावी लागते. चांगल्या गिटारला तो खर्च वाजवी आहे. चार-पाच हजारांच्या गिटारला नाही. तिथे मी सरळ सांगतो, दुसरी बघा. तोवर कॅपो लावून वाजवा.

जवळपास गिटारचा माणूस नसेल तर म्हापसा, मडगाव, कोल्हापूर इथे चौकशी करा. हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याकडे नेऊ नका. ते आपल्या कामात पटाईत असतात, पण फ्रेटांचं काम वेगळं. नेताना ज्या तारा लावणार आहात त्याच लावून न्या, आणि नुसतं “सेटअप करा” न म्हणता “पहिल्या तीन फ्रेटांवर कडक लागतेय, नट बघा” असं सांगा. पैसे आधी विचारून घ्या. आणि काम शक्यतो नोव्हेंबर-डिसेंबरात करून घ्या. भर पावसात केलेल्या सेटअपचं थंडीत काय होतं ते वर आलंच आहे.

एक चिठ्ठी गिटारच्या बॅगेत ठेवा. माझ्या बॅगेतल्या चिठ्ठीवर असं आहे: “२० मे: सहावी २.३, पहिली १.७, सातव्यावर ०.२५. ८ ऑगस्ट: सहावी २.९, पहिली २.२, सातव्यावर ०.२. जागा: आतली भिंत. तारा ११.” नटाचा रकाना रिकामा आहे, तो बदलत नाही.